वायुसेनेच्या बँडसाठी क्लॅरिनेटची तयारी : कान, फुंक आणि कागद

सांगली-कोल्हापूरकडच्या ब्रास बँडमध्ये चार-पाच लग्नसराया काढलेल्या मुलाला एखादं नवं गाणं दोनदा ऐकवा, तिसऱ्यांदा तो ते क्लॅरिनेटवर वाजवून दाखवतो. त्याच्यासमोर स्टाफ नोटेशनच्या, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या, चार ओळी ठेवल्या की मात्र तो गप्प होतो. मुंबईत, पुण्यात किंवा मडगावात ट्रिनिटीच्या पाश्चात्त्य संगीत परीक्षांत पाचव्या ग्रेडपर्यंत पोचलेली मुलगी त्याच चार ओळी सहज वाजवते, पण कीबोर्डवर एक सूर दाबून ‘हा गाऊन दाखव’ म्हटलं की ती अडखळते. सैन्यदलाच्या बँडची निवड चाचणी या दोघांकडूनही त्यांच्याकडे नसलेला अर्धा भाग मागते. म्हणून रियाजाचं वेळापत्रक आखण्याआधी आपण या दोघांपैकी कुणाच्या जवळचे आहोत हे प्रामाणिकपणे ठरवा. जे येतं तेच रोज घोटण्यात महिने निघून जातात आणि जे येत नाही ते चाचणीच्या दिवशी समोर येतं.

हा लेख मुख्यतः वायुसेनेच्या ‘अग्निवीरवायू (म्युझिशियन)’ भरतीला, म्हणजे अग्निपथ योजनेतल्या चार वर्षांच्या सेवेच्या भरतीला, धरून लिहिला आहे, कारण त्या जाहिरातीत वाद्यांची आणि संगीतकौशल्याची अपेक्षा सर्वांत स्पष्ट लिहिलेली असते. नौदलाची म्युझिशियन भरती संगीताच्या बाबतीत जवळपास हेच मागते. त्यांचं प्राथमिक प्रशिक्षण ओडिशात आयएनएस चिल्कावर आणि संगीताचं प्रशिक्षण मुंबईत कुलाब्याच्या आयएनएस कुंजालीवर होतं. भूदलाच्या बँडवाल्यांचं शिक्षण मध्य प्रदेशात पचमढीला चालतं. तिथली लष्करी संगीताची शाळा १९५० साली जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने सुरू झाली. तिन्ही दलांसाठी क्लॅरिनेटवाल्याची तयारी सारखीच आहे, फरक पडतो तो कागदपत्रांत आणि धावण्याच्या वेळेत.

जाहिरात शब्दाशब्दाने वाचा

वायुसेनेच्या जाहिरातीत वाद्यांच्या दोन याद्या असतात. फुंकून वाजवायची बँडची वाद्यं एका यादीत येतात आणि तिथे ई-फ्लॅट व बी-फ्लॅट क्लॅरिनेटचं नाव थेट लिहिलेलं असतं. कीबोर्ड, गिटार, व्हायोलिन, तालवाद्यं आणि भारतीय शास्त्रीय वाद्यं दुसऱ्या यादीत असतात. वाद्य स्वतःचं न्यायचं असतं. शिक्षण दहावी पास पुरतं. वय साडेसतरा ते एकवीसच्या घरात लागतं, पण जाहिरातीत जन्मतारखेची नेमकी मर्यादा दिलेली असते आणि तीच धरायची. उमेदवार अविवाहित हवा. अलीकडच्या भरतीत मुलींनाही अर्ज करता येतो, आणि घरात क्लॅरिनेट वाजवणारी मुलगी असेल तर हे तिला आवर्जून सांगा.

संगीताबद्दलच्या अटी मोजक्या आहेत : लय आणि सूर यांची अचूकता, एक पूर्ण गाणं गाता येणं, तयार केलेली धून वाजवणं, कोणत्या तरी एका पद्धतीचं नोटेशन वाचून वाजवणं, आपलं वाद्य सुरात लावता येणं, आणि अनोळखी सूर ऐकून तो गळ्यातून किंवा वाद्यावर जुळवून दाखवणं. यात वेगाचा उल्लेख कुठेच नाही. वाजवण्याच्या चाचणीसाठी मुलं सगळा जोर फिरतीच्या तानांवर लावतात. मला ते पाहून वाईट वाटतं, कारण या यादीतल्या निम्म्याहून जास्त गोष्टी कानाच्या आहेत.

नोटेशनच्या बाबतीत स्टाफ, टॅब्लेचर, टॉनिक सोल-फा, हिंदुस्तानी, कर्नाटक अशी कुठलीही पद्धत चालते. म्हणजे भातखंडे पद्धतीचं स्वरलेखन वाचणारा मुलगाही पात्र ठरतो. तरीही माझा आग्रह स्टाफ शिकण्याचाच राहील. निवड झाल्यावर हातात पडणारा प्रत्येक कागद स्टाफमध्येच असणार आहे, आणि चाचणीत समोर आलेला कागद वाचता आला तर निवडणाऱ्यांची एक मोठी शंका तिथेच मिटते.

वाद्य तपासा, मग रियाजाला बसा

आपल्याकडच्या बँडमध्ये फिरणारी पुष्कळ क्लॅरिनेटं जुन्या बनावटीची असतात. काही मीरतच्या जली कोठीत बनलेली, काही आजोबांच्या काळातली विलायती. दोन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे चाव्यांची रचना. आज सगळीकडे बोहम पद्धत चालते, तिच्यावर साधारण १७ चाव्या आणि ६ रिंगा असतात. तेरा-चौदा चाव्यांचं वाद्य बहुधा जुन्या अल्बर्ट पद्धतीचं असतं. त्यावर उत्तम वाजवणारे कलाकार आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याला पुढे बँडमध्ये बसायचं आहे त्याने बोटं बोहमवरच घडवावीत.

दुसरी गोष्ट पट्टीची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांपर्यंत ब्रिटिश लष्करी बँड ‘हाय पिच’वर वाजत, म्हणजे ए हा सूर सेकंदाला ४५२ कंपनांच्या आसपास. आज तो ४४० धरतात. हा फरक जवळजवळ अर्ध्या पट्टीचा आहे. जुन्या वाद्यावर बॅरलजवळ (माउथपीसखालचा छोटा जोड) ‘एचपी’ अशी खूण असेल तर ते वाद्य बाजूला ठेवा. बॅरल कितीही ओढलं तरी ते ४४० मध्ये नीट लागत नाही, कारण भोकांमधली अंतरंच चढ्या पट्टीच्या हिशेबाने पाडलेली असतात. वरचे सूर लागले की मधले बिघडतात आणि मुलाला वाटतं आपलाच कान कच्चा आहे.

लाकडी वाद्य हवंच असं नाही. चांगल्या प्लॅस्टिकचं बोहम क्लॅरिनेट निवड चाचणीला पूर्ण पुरतं, आणि उत्तरेच्या हिवाळ्यात सकाळी उघड्यावर वाजवायची वेळ आली तर तडकण्याची धास्तीही नसते. पैसे असतील तर ते चांगल्या माउथपीसवर घाला, आवाजात पडणारा फरक लगेच कळतो. पॅड (चाव्यांखालच्या गाद्या) गळतात का ते पाहायला वरचा जोड वेगळा काढा, भोकं बोटांनी बंद करा, एक टोक तळहाताने दाबा आणि दुसऱ्या टोकाने हलकेच हवा ओढा. ओढ धरून राहिली तर ठीक. हवा निसटत असेल तर रियाज वाढवून उपयोग नाही, आधी पॅड बदलून घ्या.

रीड, म्हणजे माउथपीसवर बांधायची पातळ पट्टी, अडीच किंवा तीन नंबरची वापरा. दोन नंबरवर वरच्या सप्तकातला सूर पसरट होतो आणि उतरतो. चार रीड एका वेळी चालू ठेवा, रोज पाळीपाळीने वापरा, नवी असेल तर पहिले काही दिवस पाच-दहा मिनिटंच फुंका. कोकणातल्या दमट हवेत बसलेली रीड दिल्लीच्या कोरड्या हवेत वेगळी वागते. म्हणून चाचणीला जाताना चारही न्या आणि पोचल्यावर त्यातली जी चांगली बोलते तीच लावा. नवं पाकीट त्या दिवशी उघडू नका.

सरळ सूर

लग्नाच्या बँडमध्ये, तमाशात, लावणीच्या साथीत क्लॅरिनेट गातं. मींड, सुराला खालून येऊन भिडणं, शेवटच्या सुरावर हलका कंप, ही त्या वादनाची श्रीमंती आहे आणि ती कमावायला वर्षं लागतात. लष्करी बँडमध्ये मात्र दहा-बारा क्लॅरिनेटं एकाच ओळीत एकच सूर धरून असतात. एकाने जरी मींड घेतली तरी सगळ्यांचा सूर गढूळ होतो. तिथे सूर ज्या क्षणी सुरू व्हायचा त्याच क्षणी नेमक्या उंचीवर सुरू व्हावा, सपाट राहावा आणि ठरल्या जागी संपावा. आपलं गाणं विसरू नका. फक्त ही दुसरी शिस्त वेगळी शिका.

त्यासाठी तोंडाची ठेवण तपासा. वरचे दात माउथपीसवर, खालचा ओठ दातांवर थोडासा आत, हनुवटी खाली ताणून सपाट, ओठांचे कोपरे घट्ट. गाल फुगवून वाजवायची सवय असेल तर आरशासमोर बसून ती मोडावी लागते आणि तिला महिना-दोन महिने लागतात. ठेवण बरोबर आहे का ते पाहण्याची एक चांगली चाचणी आहे : फक्त माउथपीस आणि बॅरल जोडा आणि फुंका. काळी तीनच्या, म्हणजे एफ-शार्पच्या जवळचा सूर यायला हवा. तो खूप खाली येत असेल तर पकड ढिली आहे, वर जात असेल तर रीड चावली जाते आहे.

रोजचा रियाज लांब सुरांनी सुरू करा. तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा, मेट्रोनोम ६० वर ठेवा. प्रत्येक सूर आठ मात्रा, अगदी हळू आवाजातून सुरू करून मोठा आणि परत हळू. आवाज वाढताना क्लॅरिनेटचा सूर उतरतो आणि कमी होताना चढतो, हे कानाने पकडायचं आणि ओठाने सावरायचं. वीस मिनिटं हे केलं की दमसास आपोआप वाढतो. धावून आल्यावर अर्ध्या तासाने हाच पाठ करून पाहा, श्वास कुठे कमी पडतो ते स्वच्छ कळेल.

ब्रेकचा पूल

बासरी, सनई किंवा सॅक्सोफोनवरून क्लॅरिनेटकडे आलेल्यांना एक गोष्ट सुरुवातीलाच छळते. त्या वाद्यांवर वरचं सप्तक साधारण त्याच बोटांनी येतं. क्लॅरिनेटवर अंगठ्याची रजिस्टर चावी दाबली की सूर सप्तकाने चढत नाही, बाराव्या स्वरावर जातो. म्हणजे खालच्या सा ची बोटं वर पुढच्या सप्तकातला प देतात. एकच ओळ दोन सप्तकांत वाजवायची तर बोटं पूर्ण वेगळी.

त्यात मधल्या सप्तकाचा ए, बी-फ्लॅट ते बी हा टप्पा, म्हणजेच ‘ब्रेक’, सर्वांत अवघड. बी-फ्लॅटला जवळजवळ सगळी बोटं उघडी आणि लगेच पुढच्या बी ला सगळी बंद. इथे सूर तुटतो, मध्येच एखादा चिरका आवाज येतो. निवड करणाऱ्यांना उमेदवाराचा हात किती मुरलेला आहे हे इथेच कळतं. उपाय असा : गळ्याचे सूर, म्हणजे जी, जी-शार्प, ए आणि बी-फ्लॅट वाजवतानाच उजव्या हाताची बोटं खालच्या भोकांवर ठेवून द्या. सुराच्या उंचीत फारसा फरक पडत नाही, उलट त्या सुरांचा फिका, किंचित चढा आवाज भरीव होतो. आणि पुढच्या बी वर जाताना फक्त डावा हात हलवावा लागतो. ए-बी, ए-सी, जी-डी अशा जोड्या जिभेविना, एका फुंकेत, ५० च्या लयीत रोज दहा मिनिटं करा.

अनोळखी सूर जुळवणं

या भागावर जास्तीत जास्त वेळ घाला, असं मी प्रत्येकाला सांगतो. परीक्षक कीबोर्डवर एक सूर दाबतात. तुम्ही तो गायचा किंवा वाद्यावर काढायचा. यात क्लॅरिनेटवाल्याची एक जास्तीची अडचण आहे, कारण त्याचं वाद्य कागदापेक्षा एक पूर्ण स्वर खाली बोलतं. तो स्वतः ज्याला सी म्हणतो तो कीबोर्डवर बी-फ्लॅट असतो.

हार्मोनियमच्या पट्ट्यांशी ही सांगड एकदा डोक्यात बसवली की आयुष्यभर पुरते. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर :

कागदावरचा सी म्हणजे काळी पाच.
डी म्हणजे पांढरी एक.
ई म्हणजे पांढरी दोन.
एफ म्हणजे काळी दोन.
जी म्हणजे पांढरी चार.
ए म्हणजे पांढरी पाच.
बी म्हणजे पांढरी सहा, अर्थात ४४० चा तो ए.

बँड ‘काँसर्ट बी-फ्लॅट’ला, म्हणजे कीबोर्डवरच्या बी-फ्लॅटला, सूर लावतो तेव्हा तुम्ही सी वाजवता. ‘ए द्या’ म्हटलं तर बी. हे विचार न करता यायला हवं. कुणी ‘काँसर्ट एफ स्केल वाजवा’ म्हणालं आणि तुम्ही एफ स्केल सुरू केलं तर पहिल्या सुरालाच घसराल, कारण तिथे जी स्केल हवं.

आता कान. पहिला महिना फक्त एका स्केलचे सात सूर घ्या. घरातल्या कुणालाही हार्मोनियमवर एक पट्टी दाबायला सांगा, तुमची पाठ हार्मोनियमकडे असू द्या. सूर ऐकला की आधी ओठ मिटून गुणगुणा. गळ्यात पक्का बसला की मगच क्लॅरिनेट तोंडाला लावा. वाद्यावर सूर हुडकत फिरू नका. ती सवय लागली की चाचणीतही हात आपोआप चाचपडायला लागतात, आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते ऐकू येतं. दुसऱ्या महिन्यात बाराही सूर घ्या, तिसऱ्यात दोन सूर लागोपाठ, मग तीन.

एक सूर कायमचा गळ्यात बाळगा, काळी पाच घ्या. सकाळी उठल्यावर वाद्य न घेता तो गा, मग अ‍ॅपवर तपासा. काही आठवड्यांत तो नेमका किंवा किंचित इकडेतिकडे येऊ लागतो. अनोळखी सूर ऐकला की त्या खुंटीपासून मोजायचं : काळी पाचला सा धरलं तर हा ग आहे की म? हिंदुस्तानी गाणं शिकलेल्यांना इथे मोठी आघाडी मिळते. सरगम ओळखण्याची सवय त्यांना आधीच असते, फक्त सा ला एका ठरावीक पट्टीवर स्थिर करायचं असतं.

एक पूर्ण गाणं

क्लॅरिनेटची तयारी करणारे याला शेवटच्या आठवड्यात हात घालतात. आवाज गोड आहे का हे इथे कुणी पाहत नाही. सुरुवातीला धरलेली पट्टी शेवटच्या अंतऱ्यापर्यंत टिकते का आणि लय पळते का, एवढंच पाहतात. साथीला काही नसतं. म्हणून असं गाणं निवडा जे मुखडा, दोन अंतरे असं पुरतं पाठ आहे आणि दीड सप्तकाच्या आत बसतं. अभंग, भावगीत, देशभक्तिपर समूहगीत, काहीही चालेल. फार आलापीचं नको.

सराव असा : तानपुरा लावून सा घ्या, तानपुरा बंद करा, टाळी देत पूर्ण गाणं म्हणा, शेवटच्या ओळीनंतर सा धरून ठेवा आणि तानपुरा पुन्हा लावा. दोन सूर एक झाले तर ठीक. बहुतेकांचा सूर उतरलेला असतो, आणि तो नेहमी एकाच जागी उतरतो, साधारण अंतरा संपून मुखड्याकडे येताना. ती जागा शोधून काढा आणि तिथेच वीस वेळा फिरा. राष्ट्रगीतही गळ्यात आणि बोटांत दोन्हीकडे पक्कं हवं. पूर्ण राष्ट्रगीताचा वेळ साधारण ५२ सेकंदांचा आहे. घड्याळ लावून वाजवून पाहा.

स्केल्स

बँडचं संगीत फ्लॅटच्या स्केलांत राहतं. त्यामुळे काँसर्ट बी-फ्लॅट, ई-फ्लॅट, ए-फ्लॅट आणि एफ, म्हणजे क्लॅरिनेटवर सी, एफ, बी-फ्लॅट आणि जी, ही चार मेजर स्केल्स दोन सप्तकांत झोपेतही यायला हवीत. त्यानंतर डी, ए आणि ई-फ्लॅट. मायनरमध्ये हार्मोनिक मायनर म्हणजे किरवाणीचे सूर आणि नॅचरल मायनर म्हणजे आसावरी थाट. राग माहीत असणाऱ्याला हे नव्याने पाठ करावं लागत नाही. क्रोमॅटिक स्केल, म्हणजे बाराही सूर ओळीने, सर्वांत खालच्या ई पासून वरच्या सी पर्यंत रोज एकदा. लय ६० वर, मात्रेला चार सूर, प्रत्येक सूर सारख्या वजनाचा. तो आला की ८०, मग १००. घाईने ११० वर ओबडधोबड वाजवलेल्या स्केलपेक्षा ६० वर घासूनपुसून वाजवलेलं स्केल ऐकणाऱ्याला जास्त सांगतं.

कागद वाचणं

कानाने वाजवणाऱ्या मुलाने स्टाफ नोटेशनला घाबरू नये. त्याला सूर आधीच येतात, फक्त ते लिहिलेले कसे दिसतात ते ओळखायचं आहे. एक चूक मात्र सगळेच करतात : प्रत्येक टिपेखाली सा-रे-ग किंवा सी-डी-ई लिहून ठेवणं. मग डोळा अक्षरं वाचतो, टिपा वाचतच नाही. पेन्सिल दूर ठेवा.

मी लय आधी आणि सूर नंतर या क्रमाने शिकवतो. ओळ समोर घ्या, तिच्यातली सुरांची उंची विसरा आणि सगळी ओळ एकाच सुरावर, नेमक्या लयीत वाजवा. मग तीच ओळ सुरांसह. नोटेशन वाचताना कोसळणारी बहुतेक मुलं लयीत कोसळतात. एखादा सूर चुकला तर परीक्षक सोडून देतात, पण थांबून मागे गेलात तर बँडमध्ये बसणारा माणूस म्हणून तुमच्यावरचा भरवसा उडतो. परेडवर बँड कुणासाठी थांबत नाही. चुकलं तरी पुढच्या मात्रेवर पाय टाका.

आपल्या तालांचा इथे उपयोग होतो. दोन-चारचं (२/४) मार्च कुणालाही जमतं. सहा-आठचं (६/८) मार्च पाहून मुलं गोंधळतात, पण तो तीन-तीनचा दादराच आहे, फक्त जलद आणि दोन पावलांत मोजलेला. जलद मार्चची चाल मिनिटाला साधारण १२० पावलं असते आणि बास ड्रमचा मुख्य ठोका डाव्या पावलावर पडतो. म्हणून सहा-आठचे तुकडे जागेवर कदमताल करत वाजवा : डावा, उजवा, डावा, उजवा. ताल पायांत उतरला की कागद अर्धा सोपा होतो.

मार्चच्या कागदावर नजर कुठे टाकायची हेही ठरवून ठेवा. अनोळखी कागद हातात आल्यावर अर्धा मिनिट मिळेल असं धरा. आधी ताल, मग किती फ्लॅट-शार्प, मग परत फिरायच्या खुणा, मग ट्रायो. ट्रायो हा मार्चचा दुसरा, जास्त गाता भाग. तिथे बहुतेक वेळा एक फ्लॅट वाढतो. क्लॅरिनेटच्या कागदावर मार्च एफ मध्ये असेल तर ट्रायो बी-फ्लॅटमध्ये जातो, आणि न बघता शिरलात तर पहिल्याच ई ला फसता. शेवटी सर्वांत गर्दीची ओळ शोधा आणि ती झेपेल अशी लय मनात धरून सुरू करा. लय ठरवायची मुभा तुम्हाला दिली असेल तर ती नेहमी या गर्दीच्या ओळीवरून ठरवा.

जिभेचं काम इथेच येतं. १२० च्या लयीत मात्रेला चार सूर म्हणजे सेकंदाला आठ. ते सगळे जिभेने तोडणं नवख्याला शक्य नसतं, आणि मार्चमध्ये बहुतेक जागी दोन जोडून दोन तोडून अशी रचना असते. जिभेचं टोक रीडच्या टोकाला हलकं लागावं, ‘त’ म्हणताना लागतं तितकंच. फुंक थांबवायची नाही, सूर जिभेने कापायचा.

रोज एक नवं पान वाचा, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा घेऊ नका. वाचन वाढतं ते न पाहिलेल्या पानांवर.

तयार धून कोणती घ्यावी

दोन तुकडे तयार ठेवा, प्रत्येकी दोन-अडीच मिनिटांचे. एक संथ, ज्यात सूर आणि श्वास दिसेल. दुसरा मार्च किंवा वेगाचा, ज्यात जीभ आणि बोटं दिसतील. निवड आपल्या कुवतीच्या एक पायरी खालची असावी. वेबरचं कॉन्सर्टिनो कितीही आवडत असलं तरी त्याच्या शेवटच्या पानावर बोटं अडकत असतील तर ते नेऊ नका, पहिल्या संथ भागापर्यंतच न्या. मोझार्टचं क्लॅरिनेट कॉन्सर्टो मुळात ए क्लॅरिनेटसाठी आहे. ते बी-फ्लॅटवर वाजवणार असाल आणि पियानोची साथ घेणार असाल तर साथीचा कागद बी-फ्लॅटसाठी उतरवलेला आहे का ते आधी पाहा.

पाश्चात्त्य रचना येत नसेल तर नाट्यपद किंवा अभंगाची चाल घ्यायला हरकत नाही. फक्त ती सरळ सुरांनी, ठरलेल्या लयीत, सुरुवात-शेवट असलेल्या अडीच मिनिटांच्या आकृतीत बांधा. बासनात गुंडाळून ठेवलेली आपली ताकद अशा वेळी नक्की बाहेर काढावी. पहिल्या आठ मात्रा सर्वांत जास्त घोटा, परीक्षकांचं मत तिथेच बनायला लागतं.

धावणं, इंग्रजी, दात

संगीतात उत्तम असलेली मुलं इथे बाद होतात तेव्हा फार हळहळ वाटते. वायुसेनेच्या चाचणीत १.६ किलोमीटर धावायचं असतं, मुलांना ७ मिनिटांत आणि मुलींना ८ मिनिटांत. शिवाय उठाबशा, सिट-अप्स आणि मुलांना पुश-अप्स. आज शून्यावर असाल तर तीन महिने धरा. इंग्रजीची लेखी परीक्षा दहावीच्या पातळीची असते, रोज अर्धा तास व्याकरण आणि एक उतारा पुरतो. वैद्यकीय तपासणीआधी कानातला मळ आणि दातांवरचं कीटण डॉक्टरकडून काढून घ्या. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याच्या पुढच्या दातांचं काम निघणार असेल तर ते चाचणीच्या निदान दोन महिने आधी करा. दाताची उंची जराशी बदलली तरी तोंडाची ठेवण बदलते.

चाचणीचा दिवस

रांगेत दोन-तीन तास जातात, वाद्य गार पडतं आणि आत गेल्यावर लगेच वाजवायला सांगतात. म्हणून घरी शेवटचे दोन आठवडे ‘गार सुरुवात’ करा : वाद्य बाहेर काढायचं, रीड ओली करायची, एक सूर लावायचा आणि थेट धून. रांगेत वाद्य अंगाशी धरा, बॅरल मुठीत ठेवा, अधूनमधून त्यातून आवाज न करता ऊबदार हवा सोडा. गार क्लॅरिनेट खाली बोलतं, वाजवत गेलं की चढतं. म्हणून आधी थोडं वाजवून मगच बॅरल ओढायचं. वाद्य ४४० ला लावल्यावर बॅरल एखादा मिलिमीटर बाहेर राहावं असं असेल तर तुमच्या हाती दोन्ही बाजूंना जागा असते. बॅरल पूर्ण आत असूनही सूर खाली असेल तर आखूड बॅरल आधीच घेऊन ठेवायला हवं होतं, त्या दिवशी काही करता येत नाही.

सूर लावताना घाई करू नका. ‘वाद्य लावा’ हीदेखील परीक्षाच आहे. सी ऐका, वाजवा, जुळवा, मग जी आणि मधला ए तपासा, आणि मान वर करून तयार असल्याचं सांगा. वाजवताना रीड किंचाळली तर चेहरा न बदलता पुढे चला. प्रश्न कळला नाही तर ‘सर, एकदा पुन्हा सांगाल का’ असं विचारण्यात काही कमीपणा नाही.

पिशवीत कॉर्क ग्रीज, पुसायचं फडकं, छोटा स्क्रू-ड्रायव्हर, रबर बँड (तुटलेल्या स्प्रिंगची चावी तात्पुरती धरून ठेवायला), आपल्या धुनीच्या दोन प्रती आणि मूळ कागदपत्रं. निवड करून देतो म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका. ही निवड वाजवूनच होते.

पुढचा हिशेबही डोळे उघडे ठेवून करा. अग्निपथ योजनेत चार वर्षांची सेवा आहे. पगार पहिल्या वर्षी महिना ३०,००० पासून चौथ्या वर्षी ४०,००० पर्यंत जातो आणि त्यातला ३० टक्के सेवानिधीत (सेवा संपल्यावर एकरकमी मिळणाऱ्या निधीत) कापला जातो. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम केलं जातं. माझ्या मते कायम नाही झालं तरी रोज बँडमध्ये बसून, उत्तम बँडमास्तरांच्या हाताखाली पगारी वाजवायची चार वर्षं क्लॅरिनेटवाल्याला आपल्या भागात दुसरीकडे मिळणं कठीण आहे. आणि वय उलटलं किंवा निवड हुकली तर महाराष्ट्र पोलीस भरतीत बॅण्डस्मनच्या जागा निघतात, त्यांच्याकडेही लक्ष ठेवा. तिथेही हीच स्केल्स, हेच वाचन आणि हेच मार्च उपयोगी पडतात.